क्षमा करायची आहे, पण जमत नाही: सुरुवात कुठून करावी

एक साधी रेघांची वही घ्या. मोबाइलवर लिहू नका, कारण यातली काही पानं पुढे फाडून टाकायची आहेत.

मी इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये एका ठोक कापडाच्या पेढीवर हिशेब लिहायचे. सगळी नोकरी रोजमेळ आणि खतावणीत गेली. आता निवृत्त आहे. दर गुरुवारी संध्याकाळी सुदामानगरात आमच्या घरी प्रार्थनेला मराठी बोलणारी आठ-दहा माणसं जमतात. रविवारची उपासना आमच्याकडे हिंदीत असते आणि ती सगळ्यांना नीट समजते. पण मनात वर्षानुवर्षं साचलेलं बोलायचं झालं की माणूस आईच्या भाषेत बोलतो, आणि ते गुरुवारी निघतं. चहा होतो, प्रार्थना होते, आणि कुणीतरी चपला घालता घालता थांबून विचारतं, "ताई, क्षमा करा म्हणतात, मला करायचीही आहे. पण होत नाही. काय करू?" नव्याने विश्वासात आलेले हे विचारतात, आणि ज्यांचे पणजोबा ख्रिस्ती झाले तेही विचारतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी रक्कम लिहा

वहीच्या डाव्या पानावर त्या माणसाने काय केलं ते लिहा. "त्याने मला दुखावलं" एवढ्याने भागणार नाही. कधी, कुठे, काय केलं आणि त्यात तुमचं काय गेलं, हे स्पष्ट लिहा. माझ्या वहीत माझ्या भावाबद्दल असं लिहिलं होतं: "आई दवाखान्यातून घरी आली आणि थोड्याच दिवसांत त्याने घराच्या कागदांवर तिचा अंगठा घेतला. मला विचारलं नाही. संध्याकाळी तिला अंघोळ घालताना अंगठा निळा दिसला. साबणाने घासला तरी रेषांमधली शाई निघेना. तेव्हा विचारलं, तेव्हा कळलं. घरातला माझा हिस्सा गेला. आणि आपण लेकीला फसवलं असं आईला शेवटपर्यंत वाटत राहिलं." त्यातलं शेवटचं वाक्य लिहीपर्यंत माझं खरं नुकसान कोणतं हे मलाच ठाऊक नव्हतं. मी इतके दिवस हिश्शावर चिडले आहे असं समजत होते.

हे लिहायला अनेकजण बिचकतात. आपण ख्रिस्ती, मग दुसऱ्याचे अपराध मोजत बसायचे का, असं वाटतं. "जाऊ दे, काही नाही" म्हणणं सोपंही असतं आणि चांगलंही दिसतं. पण जे घडलंच नाही त्याची क्षमा कशी होणार? बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या १८व्या अध्यायातल्या दृष्टांतात येशू कर्जाचे आकडे सांगतो. देव पापाला "काही नाही" म्हणत नाही. तसं म्हणून भागलं असतं तर वधस्तंभाची गरजच नव्हती.

पेढीवरची एक गोष्ट मला इथे नेहमी आठवते. एखादं गिऱ्हाईक बुडालं, वसुलीची आशा संपली, की शेठ म्हणायचे, "बुडीत खाती टाका." मी नोंद करायचे आणि ते गिऱ्हाईक मोकळं व्हायचं. पण माल तर गेलेलाच असायचा, सुरतेच्या व्यापाऱ्याला त्याचे पैसेही दिलेले असायचे. ती रक्कम हवेत विरत नाही. ती शेठच्या नफ्यातून वजा होते. उधारी सोडली याचा अर्थ ती सोडणाऱ्याने भरली. क्षमेचंही अगदी असंच आहे. मनाची जखम, गेलेलं घर, गेलेली वर्षं यांची भरपाई समोरच्याकडून घ्यायची नाही असं ठरवलं की तो भार क्षमा करणाऱ्यावर येतो. म्हणून क्षमा जड जाते. तुमचा विश्वास कमी आहे म्हणून ती जड जाते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आणि हे समजलं की वधस्तंभ समजायला लागतो. देवाने आपली क्षमा कशी केली? पापाची रक्कम त्याने खोटी ठरवली नाही, दुसऱ्या कुणा बिचाऱ्याच्या माथी मारली नाही. ती त्याने आपल्या पुत्रामध्ये स्वतः भरली. बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल म्हणतो की आपल्या विरुद्धचा कर्जाचा कागदच देवाने वधस्तंभाला खिळून टाकला. जन्मभर हिशेब लिहिलेल्या बाईला यापेक्षा मोठी बातमी कोणती असणार?

मग उजवं पान

उजव्या पानावर आपलं स्वतःचं देणं लिहायचं. इथे डावं पान विसरा. "त्याने तसं केलं म्हणून मी असं केलं" हे वाक्य उजव्या पानावर येऊ द्यायचं नाही.

लिहिण्याआधी मत्तय १८:२१ पासून अध्यायाच्या शेवटापर्यंत मोठ्याने वाचा. एका चाकरावर राजाचे दहा हजार तालांत कर्ज असतं. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाचे ३०० दिवस काम केलं तरी दोन लाख वर्षं. तो चाकर राजाच्या पाया पडून म्हणतो, मला सांभाळून घ्या, सगळं फेडीन. फेडीन! राजाला त्याची दया येते आणि तो सगळं सोडून देतो. बाहेर पडल्यावर या चाकराला शंभर दिनार देणं असलेला सोबती भेटतो, आणि हा त्याचा गळा धरतो. शंभर दिनार म्हणजे तीन-चार महिन्यांची मजुरी. गरीब माणसाला ती रक्कम लहान नाही, आणि तुमच्यावर झालेला अन्यायही लहान आहे असं येशू म्हणत नाही. तो फक्त दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवतो.

आता लिहा. खोटं बोललात ते, हेवा केलात तो, घरातल्यांना जिभेने मारलंत ते, करायचं होतं आणि केलं नाही ते. डाव्या पानासारखंच नेमकं. लिहून झालं की ते पान देवापुढे मोठ्याने वाचा. योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) वचन आहे की आपण आपली पापं कबूल केली तर देव विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून आपली क्षमा करील आणि आपल्याला शुद्ध करील. त्यातल्या "न्यायी" या शब्दापाशी मी दरवेळी थांबते. क्षमा करताना देव न्याय गुंडाळून ठेवत नाही. रक्कम भरली गेली आहे, म्हणून ती तुमच्याकडून पुन्हा मागणं हाच अन्याय होईल.

हे पान वाचून झालं की फाडा. त्याचे तुकडे करून टाका. आठवड्याने तेच पाप आठवून रडू आलं तर नवं पान लिहायला बसू नका. "हे भरलं गेलं आहे" एवढं म्हणा आणि कामाला लागा.

इथे बरेच जण अडतात. आपण सगळे "करावे तसे भरावे" ऐकत मोठे झालो. आमच्या ख्रिस्ती घरांतही ते मुरलेलं आहे. भाषा फक्त बदलते: इतकी वर्षं चर्चला जातो, दशांश देतो, उपास करतो, म्हणून देव माझं ऐकेल. इफिसकरांस २:८-९ मध्ये पौल सरळ सांगतो की तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे झालं आहे. ते देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नव्हे, म्हणजे कुणाला फुशारकी मारता येऊ नये. चांगली कामं त्याच्या पुढच्या, दहाव्या वचनात येतात. आधी तारण, मग कामं. हा क्रम उलटा झाला की क्षमासुद्धा एक पुण्यकर्म होऊन बसते आणि माणूस दात-ओठ खात ती करायला बघतो.

ख्रिस्ताच्या ठायी उभं राहून

ही पायरी गाळू नका. क्षमा जमत नाही म्हणणारे बहुतेक जण डाव्या पानावरून थेट "मी त्याला क्षमा करतो" वर उडी मारतात.

एक शिसपेन्सिल घ्या आणि इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय उघडा. वचन ३ ते १४. पौलाने हे पत्र कैदेत असताना लिहिलं, आणि मूळ ग्रीकमध्ये ही बारा वचनं मिळून एकच लांबलचक वाक्य आहे, जणू त्याला थांबवतच नाही. "ख्रिस्ताच्या ठायी", "त्याच्या ठायी", "त्याच्यामध्ये" असं जिथे येईल तिथे खूण करा. मग प्रत्येक खुणेजवळ काय मिळालं आहे ते समासात लिहा. निवडलं जाणं. दत्तक घेतलं जाणं. अपराधांची क्षमा. वतन. पवित्र आत्म्याचा शिक्का. यातलं काहीही "मिळेल, जर तुम्ही..." असं लिहिलेलं नाही. मिळालं आहे, असं लिहिलं आहे.

ख्रिस्ताच्या ठायी असणं म्हणजे काय? नुसतं येशूच्या शिकवणीप्रमाणे वागणं नव्हे. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल बाप्तिस्म्याबद्दल म्हणतो की आपण ख्रिस्ताबरोबर मेलो आणि पुरलेही गेलो, आता त्याच्याबरोबर नव्या जीवनात चालायचं आहे. विश्वासाने माणूस ख्रिस्ताशी असा जोडला जातो की ख्रिस्ताचं मरण ते त्याचं मरण, ख्रिस्ताचं पुनरुत्थान ते त्याचं जीवन. पिता त्याच्याकडे पाहतो तेव्हा त्याला पुत्रामध्ये पाहतो. म्हणून रोमकरांस ८:१ इतक्या ठामपणे सांगतं की जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही.

याचा तुमच्या भावाशी, सासूशी, धंद्यातल्या भागीदाराशी संबंध असा, की त्याने तुमचं जे नेलं त्यात हे सगळं नव्हतं. हिस्सा गेला, पण वतन गेलं नाही. त्याने अपमान केला, पण निवडलं जाणं त्याच्या हातात नव्हतं. हे मनात उतरायला वेळ लागतो. मी लोकांना सांगते, महिनाभर रोज सकाळी हीच बारा वचनं वाचा, क्षमेचा विचारही करू नका. मग चौथ्या अध्यायाचं शेवटचं वचन उघडा: देवाने ख्रिस्ताच्या ठायी तुम्हाला जशी क्षमा केली, तशी तुम्ही एकमेकांना करा. पौलाने ही आज्ञा तीन अध्याय दान सांगून झाल्यावर दिली आहे.

मत्तय ६:१५ चं काय, असं विचारलं जातंच. तुम्ही लोकांना क्षमा केली नाही तर तुमचा पिताही तुम्हाला करणार नाही. हे कडक वचन आहे आणि मी ते मऊ करणार नाही. पण येशू हे "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणायला शिकवल्यावर बोलतो. ऐकणारी त्याची लेकरं आहेत. आपल्या क्षमेने देवाची क्षमा विकत मिळते असं तो सांगत नाही. दृष्टांतातल्या त्या चाकरासारखा जो सोडायलाच तयार नाही, त्याने आपलं कर्ज सुटलं हे कधी खरंखुरं स्वीकारलंय का, हे त्याने तपासावं. झगडणाऱ्याने घाबरू नये. "करायची आहे, जमत नाही" म्हणणारा माणूस आणि "करणारच नाही" म्हणणारा माणूस यांत फार अंतर आहे.

प्रत्यक्ष क्षमा

आता डावं पान उघडा. एकटे बसा, दार लावून घ्या. त्या माणसाचं नाव घ्या आणि लिहिलेली प्रत्येक ओळ वाचून देवाला सांगा. माझी प्रार्थना अशी होती: "प्रभू, त्याने आईचा अंगठा घेतला. हे वाईट होतं. याची वसुली मी त्याच्याकडून करणार नाही. तू माझं भरलंस, हेही तुझ्याकडे देते." प्रत्येक ओळीला तेच शब्द. भावना दाटून यायची वाट पाहू नका. हा निर्णय आहे. भावना मागून येते, कधी फार मागून.

शब्द सुचत नसतील तर फिलेमोनाला लिहिलेलं पत्र वाचा, एका पानाचं आहे. पळून गेलेल्या अनेसिम नावाच्या दासासाठी पौल त्याच्या धन्याला लिहितो: त्याने तुझं काही नुकसान केलं असेल तर ते माझ्या नावावर मांड. ख्रिस्त तुमच्या गुन्हेगाराबद्दल हेच म्हणतो आहे असं समजून ते वाक्य वाचा.

वसुली करणार नाही म्हणजे काय, तेही ठरवून टाका. टोमणे नाहीत. नातेवाइकांत त्याची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं नाही. त्याचं वाईट झालं की आतून बरं वाटतं, ते धरून बसणं नाही. मी हिस्साही मागायचा नाही असं ठरवलं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल विचारतो, एकमेकांवर खटले भरण्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? पण प्रत्येकाने हक्क सोडावा असं मी म्हणत नाही. पदरात लेकरं असलेल्या विधवेचा हिस्सा दिराने दाबला असेल तर तिने तो जरूर मागावा, आणि मंडळीने तिच्या बाजूने उभं राहावं.

क्षमेत काय येत नाही

इंदूरच्या माणसाला सिस्टर राणी मारिया या कॅथलिक धर्मभगिनीची आठवण यावी. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात ती गरीब, भूमिहीन लोकांमध्ये काम करायची. त्यांना सावकारांच्या विळख्यातून सोडवायची, आणि ते काहींना सहन झालं नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, तिला भोसकून मारलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ साली राखीच्या दिवशी तिची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हाताला राखी बांधली. त्याने पश्चात्ताप केला. शिक्षेची बरीच वर्षं भोगून तो सुटला आणि पुढे केरळात तिच्या घरच्यांना भेटायलाही गेला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच राणी मारियाला धन्य घोषित केलं गेलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. आमची मंडळी कॅथलिक नाही, पण ही गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते.

यात बघा, राखी तुरुंगात बांधली गेली. खटला चालला, शिक्षा झाली, आणि क्षमाही झाली. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तेव्हा मारहाण करणाऱ्या नवऱ्याला क्षमा करणारी बाई पोलिसांत जाऊ शकते, वेगळी राहू शकते. "क्षमा केलीस ना, मग परत जा" असं तिला सांगणारा माणूस, मग तो कितीही मोठा असो, देवाच्या नावाने तिला मरणाच्या दारात ढकलतो आहे. क्षमा एकट्याने करता येते. समेटाला दोघं लागतात, आणि दुसऱ्याचा पश्चात्ताप वागण्यात दिसावा लागतो. विश्वास पुन्हा बसायला तर त्याहून वेळ लागतो. अशी वेळ तुमच्यावर असेल तर आज वही नको. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, सुरक्षित जागी जा. वही नंतर.

राग परत आला तर

येईल. मी नाताळात भावाकडे जाते. तो अजून काही बोललेला नाही. गेल्या खेपेला त्याच्या सुनेने पोह्यांची बशी पुढे केली, वर शेव आणि जिरावण, आणि बशी घेताना भिंतीवर आईचा फोटो दिसला. पोटात तोच जुना पीळ पडला. क्षमा केलीच नव्हती का? केली होती. येशूने आपला शिष्य पेत्र याला सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायला सांगितलं, त्याचा एक उपयोग मला असा दिसतो की एकाच अपराधासाठीही ती पुन्हा पुन्हा करावी लागते. मी मनात तेच वाक्य म्हटलं, "वसुली करणार नाही", आणि पोहे खाल्ले. हल्ली ते वाक्य म्हणायला पूर्वीइतका जोर लागत नाही.

रोज एक वाक्य त्या माणसासाठीही प्रार्थना करा. त्याला सद्बुद्धी दे, असं वरून खाली बघणारं नको. त्याच्या गुडघ्यांसाठी करा, त्याच्या नातवाच्या परीक्षेसाठी करा.

आणि तुम्हालाच मागायची असेल तर

उजव्या पानावर ज्यांची नावं होती, त्यांच्याकडे जा. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पण वेदीपाशी ठेवून आधी तिकडे. "तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर" ही क्षमायाचना नव्हे. "मी हे केलं, ते चुकीचं होतं, मला क्षमा कर" एवढंच म्हणा आणि गप्प बसा. कारणं सांगू नका. तो चिडला तर ऐकून घ्या. त्याने तिथल्या तिथे हो म्हणावं असा आग्रह धरू नका. तुम्हाला महिने लागले, त्यालाही लागू द्या. पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर परत करा. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय तर चौपट द्यायला निघाला, आणि येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं आहे. येशू त्याच्या घरी आधी गेला होता, चौपट देण्याची गोष्ट नंतर निघाली, हे लूकच्या १९व्या अध्यायात नीट वाचा.

ज्याच्याकडे जायचं तो माणूस वारला असेल तर त्याची क्षमा आता मागता येणार नाही, पण देवाकडे कबुली देता येते, आणि नेलेलं काही असेल तर त्याच्या मुलांना देता येतं. तुम्हाला ज्याने दुखावलं तोच वारला असेल तरी डावं पान तसंच वाचा, तीच प्रार्थना करा. वसुली सोडायला समोरचा जिवंत असावा लागत नाही.